दुकानातून भट्टीकडे : वालचंदनगरच्या पोलादाचा इतिहास

नीरा नदीच्या दोन्ही काठांवरील जैन समाज हा प्रामुख्याने व्यापारी समाज होय. बारामती, इंदापूर, फलटण, नातेपुते, अकलूज येथील पेठांमधून धान्य, कापड, सराफी आणि सावकारी यांवर अनेक घराणी उभी राहिली. तराजू आणि वहीखाते हीच त्यांची साधने. यंत्राची चाके आणि धगधगती भट्टी यांच्यापासून श्रावक दूर राहिला, याला केवळ सवय कारणीभूत नव्हती. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, आणि पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही त्यांचा परामर्श आहे. भट्टी पेटवून चालणारे अंगारकर्म, जमीन व खडक फोडण्याचे स्फोटकर्म, ऊस व तीळ यंत्रात पिळण्याचे यंत्रपीडन ही त्यांतीलच. हा विचार ध्यानात घेतला, म्हणजे सोलापूरच्या एका दिगंबर जैन घराण्याने इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर जे केले त्याचे वेगळेपण लक्षात येते.

हे घराणे दोशींचे. मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, हुमड ज्ञातीचे, आणि व्यवसायाने कापूस व सावकारीतले. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांचे नाव समाजाला उद्योगामुळे नव्हे, तर सोलापूरहून निघालेल्या ‘जैन बोधक’ या पत्रामुळे आणि सुधारणाप्रिय विचारांमुळे परिचित आहे. त्यांचे पुत्र वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. मुंबई व पुणे येथे शिक्षण घेऊनही पदवीपर्यंत ते पोहोचले नाहीत आणि वडिलोपार्जित पेढीवर त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. पुढे भोर घाटातील बोगदे आणि मुंबईला पाणी नेणारी तानसाची जलवाहिनी ही कामे त्यांच्या हातून झाली. सावकाराचा मुलगा सुरुंगाची दारू आणि खडक यांच्या हिशेबात शिरला, हीच या कथेची खरी सुरुवात.

शेठ वालचंद यांचे चरित्र सांगू लागले की जहाज, विमान आणि मोटार या तीन कारखान्यांची कथा सांगितली जाते. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाले, बंगळुरूचा विमान कारखाना १९४० मध्ये उभा राहिला, विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला १९४१ मध्ये बसली, कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. या तेजापुढे कळंबचा माळ झाकला जातो. परंतु विमान कारखाना १९४२ मध्येच सरकारच्या ताब्यात गेला आणि जहाजबांधणीही पुढे सरकारकडे गेली. घराण्याच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिले ते इंदापूर तालुक्यातले.

या भागाचे भाग्य पालटले ते पाण्याने. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला गेला आणि पुरंदर, बारामती, इंदापूर या अवर्षणग्रस्त तालुक्यांत पाणी खेळू लागले. सासवडच्या माळी बागायतदारांनी कालव्याकाठी ऊस लावला आणि बारामतीची पेठ गुळासाठी गाजू लागली. १९१४ मध्ये दौंड-बारामती रेल्वे आली. तरीही कालव्यापासून दूरच्या माळावर दगडधोंड्यांखेरीज फारसे काही नव्हते. अशीच जमीन वालचंदांनी नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे १९२३ मध्ये घेऊन वहितीखाली आणली होती. कळंबच्या परिसरात, १९०८ मध्ये स्थापन झालेल्या मार्सलँड प्राइस या कंपनीच्या नावे, तोच प्रयोग झाला. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९३४ मध्ये येथे साखर कारखाना सुरू झाला. वसाहत वाढली, तिला वालचंदनगर हे नाव मिळाले आणि पुढे कंपनीनेही तेच नाव धारण केले.

साखर कारखान्याचे एक गुपित बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. कारखाना जेवढा गाळप हंगामात चालतो, तेवढाच तो पावसाळ्यात जगतो. ऊस पिळणाऱ्या बिडाच्या अवजड रोलरांवरील खाचा हंगामभर झिजतात, त्या पुन्हा कापाव्या लागतात. बॉयलरच्या नळ्या बदलाव्या लागतात, रस आटविणाऱ्या भांड्यांचे पत्रे सांधावे लागतात. रेल्वेपासून दूर असलेल्या खेड्यात हे सारे जागेवरच करावे लागते. फिटर, टर्नर, वेल्डर, मोल्डर असे कसबी हात अशा ठिकाणी घडत जातात. १९४० मध्ये साताऱ्याची कूपर एंजिनिअरिंग ही नांगर व ऑइल इंजिने बनविणारी कंपनी वालचंद समूहात आली आणि ओतकामाचीही जोड मिळाली. सातारा रोडची फाउंड्री पुढे वालचंदनगरच्याच कंपनीचा भाग झाली.

शेठ वालचंद यांचे ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे निधन झाले. वालचंदनगरचा यंत्रनिर्मितीचा व्याप त्यांनी पाहिलाच नाही. तो उभा राहिला १९५५ च्या सुमारास, त्यांचे बंधू लालचंद हिराचंद यांच्या कारकिर्दीत. वेळही अचूक होती. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० मध्ये वाट दाखविली होती आणि महाराष्ट्रभर सहकारी कारखान्यांची मागणी वाढत होती. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर असे सहकारी कारखाने तर याच परिसरात उभे राहिले. परकीय चलनाच्या टंचाईमुळे विलायती यंत्रसामग्री दुर्मिळ होत चालली होती. ज्यांना साखर करण्यातले प्रतिस्पर्धी म्हणावे, त्यांच्याच व्यवसायाला यंत्रे पुरविण्याचा मार्ग या कंपनीने पत्करला. व्यापारी बुद्धीचा हा निर्णय पुढे उपकारक ठरला.

कारण जमीन गेली. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांचे मळे सरकारकडे गेले आणि ते चालविण्यासाठी १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. त्या जमिनींपैकी पुष्कळ जमीन मूळ शेतकऱ्यांनी खंडाने दिलेली होती. आपली जमीन परत मिळावी म्हणून या खंडकरी शेतकऱ्यांना अनेक दशके लढावे लागले. कारखान्याच्या वैभवाचा इतिहास लिहिताना ही बाजू वगळणे न्याय्य होणार नाही. माळ हिरवा करण्याचे श्रेय घराण्याला द्यावे, तसे त्या माळाच्या मूळ धन्याची प्रतीक्षाही नोंदवावी.

मळे गेल्यावर साखरेचे महत्त्व ओसरत गेले आणि पुढे साखरनिर्मितीशी कंपनीचा संबंधही उरला नाही. पोलादाचे काम मात्र वाढत गेले. साखर आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रसामग्री येथून आफ्रिकेत आणि आग्नेय आशियातही गेली. बॉयलर, दाबपात्रे, प्रचंड दंतचक्रे, अणुऊर्जा केंद्रांसाठीची सामग्री अशी कामे येत राहिली. १९७० च्या दशकापासून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेशी संबंध जुळला. ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यातील घन इंधन ज्यात भरतात ते कवच येथे बनते. सुमारे २.८ मीटर व्यासाच्या या कवचात १३९ टन इंधन मावते. त्यासाठी मॅरेजिंग पोलाद लागते, म्हणजे ज्यात निकेलचे प्रमाण सुमारे १८ टक्के असते असे अतिबळकट पोलाद. त्याचा पत्रा गोलाकार वळवायचा, सांधे वेल्डिंगने जुळवायचे, भट्टीत ठरावीक तापमानावर ठेवून त्याला बळकटी आणायची आणि शेवटी पाण्याच्या दाबाने कसोटी घ्यायची. सांध्यातील एक बारीकशी चीरही सारे उड्डाण संपवू शकते. रोलरच्या खाचा कापणाऱ्या वसाहतीतील पुढच्या पिढ्यांनी हे कौशल्य आत्मसात केले, हे विसरू नये. २००८ चे चांद्रयान, २०१३ चे मंगलयान या प्रक्षेपकावरून गेले. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ज्या प्रक्षेपकाने नेले, त्याच्या ३.२ मीटर व्यासाच्या बूस्टरचे भागही वालचंदनगरातून गेले होते. २००९ मध्ये जलावतरण झालेल्या ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीच्या मुख्य गिअरबॉक्सचे कामही येथलेच. अरिहंत हे नाव शत्रूचा संहार या अर्थाने ठेवलेले असले, तरी णमोकार मंत्राच्या पहिल्याच पदात ते रोज उच्चारणाऱ्या समाजाला त्याचा दुसरा अर्थ आठवल्यावाचून राहत नाही.

येथे कर्मादानांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बोगदे, उसाचा चरक, ओतशाळा, युद्धनौकांची यंत्रे या साऱ्यांना निषिद्ध म्हणावे काय? आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे प्रजेला शिकविल्याचे वर्णन आहे. गृहस्थाच्या वाट्याला आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा येतेच, संकल्पी हिंसा मात्र त्याने सर्वथा वर्ज्य करावी, असे शास्त्र सांगते. समाजाने व्यवहारात मसि आणि वाणिज्य एवढीच दोन कर्मे निवडली आणि उरलेली इतरांवर सोपविली, असे म्हणण्यास जागा आहे. हिराचंद शेठांच्या घरात धर्मचर्चा आणि पेढी होती. त्यांच्या मुलांनी कृषी आणि शिल्प हाती घेतले आणि नातवांच्या काळात असिही आले. यंत्रपीडनाचा दोष मान्य करूनही हजारो कुटुंबांना अन्न देणारा उद्योग त्याज्य ठरत नाही, हाच पक्ष या घराण्याने आचरणातून मांडला.

वालचंदांच्या बंधूंच्या शाखांमध्ये कालांतराने कंपन्यांची वाटणी झाली. बांधकामाची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन गुलाबचंदांच्या शाखेकडे, इंडियन ह्यूम पाइप रतनचंदांच्या शाखेकडे, तर प्रीमियर आणि वालचंदनगर लालचंदांच्या शाखेकडे गेली. लालचंदांचे पुत्र विनोद दोशी व चकोर दोशी हे या उद्योगातील पुढच्या पिढीचे. वालचंदनगरने मंदीची आणि तोट्याची वर्षेही पुष्कळ पाहिली. अवजड यंत्रांचा व्यवसाय असा की काम हाती घेतल्यापासून पैसा हाती येईपर्यंत वर्षे लोटतात आणि तोवर कामगारांचे वेतन थांबत नाही. वसाहतीतील वर्धमान विद्यालयात कामगारांची मुले शिकली आणि त्यांपैकी कित्येक वडिलांच्याच खात्यात रुजू झाली. गावात रेल्वे कधीच आली नाही. अंतराळात जाणारे कवच आजही लांबलचक ट्रेलरवर चढवून, उसाच्या गाड्यांना वाट देत, इंदापूर तालुक्याच्या रस्त्यावरूनच बाहेर पडते.