घरच्या तरणतलावाचा पंप : अश्वशक्तीपेक्षा हिशेब महत्त्वाचा

नागपूरकराला उन्हाळा समजावून सांगण्याची गरज नसते. २३ मे २०१३ रोजी या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता; चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांची तर येथे कुणाला फारशी नवलाई वाटत नाही. अशा शहरात बंगल्याच्या आवारात किंवा शहराबाहेरील फार्महाऊसवर छोटासा तरणतलाव असावा, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. तलावाचा आकार, फरशीचा रंग, काठावरील झाडे यांवर घरात महिनोन् महिने चर्चा होते. पंपाचा निर्णय मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात, "दीड अश्वशक्तीचा टाकून देऊ, कमी पडायला नको" अशा एका वाक्यात उरकला जातो. तलाव पुढे कसा राहील, विजेचे बिल किती येईल आणि पाण्यात उतरणारी मुले किती सुरक्षित असतील, हे सारे या एका वाक्यावर अवलंबून असते.

गाळणी कशासाठी?

तलावातील पाणी रोज बदलता येत नाही. नागपूरची तहान प्रामुख्याने पेंच प्रकल्प आणि कन्हान नदी यांच्या पाण्यावर भागते. २०१९ च्या जुलैमध्ये पाऊस लांबला, तेव्हा शहराला दिवसाआड पाणी घ्यावे लागले होते. अशा शहरात भरलेला तलाव उपसून पुन्हा भरणे खर्चिक तर आहेच, शिवाय ते शोभणारेही नाही. म्हणून तेच पाणी गाळून, शुद्ध करून पुन:पुन्हा वापरावे लागते.

घाम, तेल, धूळ आणि कडुनिंबाची पाने यांची भर पाण्यात सतत पडत असते. क्लोरीन जंतूंना मारतो. परंतु तो तलावाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचला पाहिजे. जेथे पाणी हलत नाही तेथे शेवाळ धरते. 'नेग्लेरिया फाउलेरी' हा अमीबा कोमट, निर्जंतुक न केलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून प्राणघातक ठरतो. केरळमध्ये २०२४ साली अशा मेंदूज्वराचे रुग्ण आढळले, त्यांपैकी अनेकांनी तळ्यांत वा साचलेल्या पाण्यात आंघोळ केलेली होती. याउलट 'क्रिप्टोस्पोरिडियम' हा अतिसाराचा परजीवी क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेत कित्येक दिवस तग धरतो. तेथे गाळणीचीच मदत घ्यावी लागते. थोडक्यात, क्लोरीन आणि गाळणी एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि पंप त्या दोहोंना चालना देतो.

आधी पाण्याचे माप

पंप निवडण्याची सुरुवात तलावातील पाणी मोजण्यापासून करावी. उदाहरणादाखल ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद तलाव घेऊ. उथळ बाजूची खोली ०.९ मीटर आणि खोल बाजूची १.६ मीटर असल्यास सरासरी खोली १.२५ मीटर होते. तिन्ही मापांचा गुणाकार केला की ३० घनमीटर, म्हणजे ३० हजार लिटर पाणी भरते.

हे सर्व पाणी एकदा गाळणीतून जाण्यास लागणाऱ्या वेळेला 'टर्नओव्हर' म्हणतात. घरगुती तलावासाठी सहा ते आठ तास चालू शकतात. परंतु नागपूरची उष्णता आणि धूळ लक्षात घेता पाच तास धरणे श्रेयस्कर. तीस घनमीटरला पाचने भागले असता ताशी ६ घनमीटर, म्हणजे मिनिटाला १०० लिटर प्रवाह येतो. हा आपला पहिला आकडा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाच तासांत तीस हजार लिटर पाणी पंपातून गेले, म्हणजे सगळे पाणी गाळले गेले असे होत नाही. गाळलेले पाणी न गाळलेल्या पाण्यातच मिसळत असल्याने काही पाणी दोनदा जाते, तर काही एकदाही जात नाही. पाणी पूर्णपणे मिसळते असे मानल्यास एका फेरीत सुमारे ६३ टक्के, दोन फेऱ्यांत ८६ टक्के आणि तीन फेऱ्यांत ९५ टक्के पाणी निदान एकदा तरी गाळणीतून जाते. म्हणून वापराच्या दिवसांत दोन फेऱ्या, म्हणजे दहा तास पंप चालवण्याची तयारी ठेवावी.

'हेड'चे कोडे

पंपाला पाणी किती द्यायचे हे ठरले. आता ते किती अडथळ्याविरुद्ध ढकलायचे, हे पाहू. या अडथळ्याला पंपाच्या भाषेत 'हेड' म्हणतात आणि ते मीटरमध्ये मोजतात. गच्चीवरील टाकीत पाणी चढवण्याची सवय असलेला प्लंबर येथे हमखास चुकतो. टाकीच्या पंपाला पाणी उंचावर न्यायचे असते. तलावाचे पाणी तलावातून निघून तलावातच परतते. त्यामुळे चढ आणि उतार एकमेकांना जवळजवळ छेदतात. उरते ते नळ, वळणे, झडपा व गाळणी यांतील घर्षण.

आपल्या उदाहरणात नळ आणि जोडण्यांसाठी ३ मीटर, तर स्वच्छ वाळूची गाळणी व तिच्या झडपेसाठी ४ मीटर धरू. गाळणी मळत जाते तसा अडथळा आणखी ५ मीटरपर्यंत वाढू शकतो. म्हणजे हेड ७ ते १२ मीटरांच्या दरम्यान राहील. तेव्हा विक्रेत्याकडे मागणी करायची ती अशी : "१० मीटर हेडला ताशी ६ घनमीटर पाणी देणारा पंप." प्रत्येक चांगल्या पंपासोबत हेड आणि प्रवाह यांचा आलेख मिळतो. त्यावर हा बिंदू मधल्या भागात येतो की नाही आणि १२ मीटरलाही प्रवाह फार कोसळत नाही ना, हे पाहावे. वेष्टनावर ठळकपणे छापलेला 'कमाल प्रवाह' शून्य अडथळ्याचा असतो. प्रत्यक्षात तो कधीच मिळत नाही.

या कामासाठी लागणारी शक्ती ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. पंपाची कार्यक्षमता पन्नास टक्के धरली, तरी सुमारे ०.३३ किलोवॉट, म्हणजे जेमतेम अर्धी अश्वशक्ती पुरते. मोटारीतील घट धरून वीज साधारण अर्धा किलोवॉट लागेल. दहा तासांचे पाच युनिट, महिन्याचे दीडशे. दीड अश्वशक्तीचा पंप पूर्ण भाराने तेवढाच वेळ चालवला, तर महिन्याला साडेचारशेच्या घरात युनिट जळतील. घरगुती वीजदर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातात, त्यामुळे बिलातील फरक तिपटीहून अधिक भरतो.

पंप आणि गाळणी यांची जोडी

"मोठा पंप कमी वेळ चालवू," हा युक्तिवाद वरकरणी पटण्याजोगा आहे. परंतु प्रवाह दुप्पट केला की घर्षण सुमारे चौपट होते. म्हणून तिप्पट शक्तीचा पंप तिप्पट पाणी देत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाळणीला तो वेग सोसत नाही. ५०० मिलिमीटर व्यासाच्या गाळणीत वाळूचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर असते. ताशी ६ घनमीटर प्रवाहाला पाणी तिच्यातून ताशी ३० मीटर वेगाने उतरते. हा वेग चांगला. प्रवाह १२ वर नेला तर वेग ६० होतो आणि वाळूने अडवायचा बारीक मळ वाळूतूनच पुढे तलावात ढकलला जातो. पाणी फिरते खूप, पण गढूळपणा हटत नाही. अतिसूक्ष्म कण अडकण्यासाठी तर मंद वेग आणि जोडीला तुरटीसारखा, मळ एकत्र आणणारा पदार्थ अल्प प्रमाणात लागतो.

प्रवाह फार कमी असूनही चालत नाही. उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुताना, म्हणजे 'बॅकवॉश' करताना, वाळू उचलली जाऊन मोकळी झाली पाहिजे. आपल्या गाळणीसाठी त्या वेळी ताशी सुमारे ७ ते ८ घनमीटर प्रवाह हवा. पाणी तलावात न परतता थेट बाहेर जात असल्याने त्या वेळी अडथळा थोडा कमी असतो, त्यामुळे योग्य निवडलेला पंप हा प्रवाह साधारणत: देऊ शकतो, आलेखावर खात्री करून घ्यावी. दाबमापकाचा काटा स्वच्छ गाळणीच्या आकड्यापेक्षा अर्ध्या किलोने वर गेला की बॅकवॉश करावा. रोज वाळू धुणे म्हणजे शेकडो लिटर पाण्याची नासाडी होय.

बोअरचा मोनोब्लॉक येथे नको

घरात पडून असलेला मोनोब्लॉक पंप तलावाला जोडण्याचा मोह टाळावा. त्याच्या पुढे केस व पाने अडवणारी टोपली नसते आणि त्याचे बिडाचे अंग क्लोरीनच्या पाण्यात गंजते. तलावाचा पंप मजबूत प्लास्टिकचा, पारदर्शक झाकणाच्या टोपलीचा असावा. तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवणार असाल, तर स्वत: पाणी ओढून घेणारा, म्हणजे 'सेल्फ-प्रायमिंग' असणे अत्यावश्यक आहे. तरीही त्याला शक्य तितके खाली व तलावाजवळ ठेवावे. ओढणारा नळ ६३ मिलिमीटरचा घेतल्यास पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आत राहतो, आवाजही कमी होतो.

मुलांच्या जिवाचा प्रश्न

जास्त शक्तीच्या पंपाचा सर्वांत मोठा धोका तळाच्या जाळीपाशी असतो. तळाला एकच तोंड असेल आणि त्यावर शरीराचा भाग टेकून ते बंद झाले, तर पंपाची सारी ओढ त्या एका जागी एकवटते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या सात वर्षांच्या नातीचा २००२ साली गरम पाण्याच्या कुंडात असाच बळी गेला. त्यानंतर २००७ मध्ये तेथे तिच्या नावाने कायदा झाला. त्यातील धडा आपल्यालाही लागू पडतो : तळाची तोंडे दोन असावीत, त्यांत किमान तीन फूट अंतर असावे, ती एकाच नळाला जोडलेली असावीत आणि त्यांवर केस न ओढणाऱ्या घुमटाकार जाळ्या असाव्यात. जाळी फुटली वा निखळली असेल तर पंप बंद ठेवावा आणि तोवर पाण्यात कुणालाही उतरू देऊ नये. पंपाचे बटन तलावाजवळ, सहज दिसेल असे असावे.

विजेबाबतही तीच दक्षता हवी. पंपासाठी स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी यांत काटकसर करू नये.

नागपूरची हवा, नागपूरचे पाणी

सर्वसाधारण मोटारी भोवतालचे तापमान ४० अंश गृहीत धरून घडवलेल्या असतात. मे महिन्यात पत्र्याच्या बंद खोक्यात ठेवलेली मोटार त्याहून कितीतरी अधिक तापते. पंपघराला सावली आणि आरपार वारा हवा. मोटार 'एफ' वर्गाच्या इन्सुलेशनची घ्यावी. विजेचा दाब घसरला तर मोटार जास्त प्रवाह ओढून जळू शकते, म्हणून ओव्हरलोड संरक्षण बसवावे.

बोअरच्या पाण्याची ओळख कूलरने आपल्याला करून दिलेलीच आहे. वाळ्याच्या ताट्यांवर उन्हाळाअखेर जमणारा पांढरा थर तलावाच्या वाळूतही जमतो. आपल्या २४ चौरस मीटरच्या तलावातून दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले, तर २४० लिटर भर घालावी लागेल. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. शक्य असल्यास तलाव नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याने भरावा, वापर नसताना झाकावा आणि सामू ७.२ ते ७.८ दरम्यान राखावा. कडक ऊन क्लोरीनचाही नाश करते. म्हणून पंपाचे दहा तास सकाळी व सायंकाळी विभागून, संध्याकाळच्या पाळीत क्लोरीन देणे हिताचे.

वेग बदलणारा पंप घ्यावा का?

वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा, हेड चतुर्थांश आणि लागणारी शक्ती सुमारे एक अष्टमांश होते. दुप्पट वेळ चालवूनही वीज बरीच वाचते, हे या पंपांचे मर्म. अमेरिकेत जुलै २०२१ पासून तलावाच्या पंपांना कार्यक्षमतेचे कडक निकष लागू झाले, त्यामागेही हेच गणित आहे. किंमत अर्थातच जास्त असते. तलाव मोठा असेल आणि बहुतेक वर्ष वापरात राहणार असेल, तर ती वसूल होते. वर्षातून तीन-चार महिने वापरायच्या छोट्या तलावाला हिशेबाने निवडलेला अर्ध्या अश्वशक्तीचा साधा पंप पुरेसा आहे.

दुकानात जाण्यापूर्वी

एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्याव्यात : तलावातील पाणी, ताशी प्रवाह, हेड, गाळणीचा व्यास आणि पाण्याच्या पातळीपासून पंपाची उंची. विक्रेत्याकडून आलेख, जाळ्यांची माहिती आणि सुटे भाग व दुरुस्तीची सोय नागपुरातच आहे का, याचे उत्तर घ्यावे. भर मे महिन्यात सील गळले आणि सुटा भाग परगावाहून यायचा असला, तर तीन दिवसांत पाणी हिरवे होते. जो विक्रेता आधी "तलाव केवढा?" असे विचारतो, त्याच्याकडे थांबावे. जो पहिल्याच वाक्यात अश्वशक्ती सांगतो, त्याचा नम्रपणे निरोप घ्यावा.