भाड्याचे टेबल, सामाईक समुद्र

'सामाईक' हा शब्द आपल्याकडे बहुधा विहीर, भिंत किंवा बांध यांच्या सोबतीने येतो, आणि त्यामागोमाग कोर्टकचेरी. विज्ञानाच्या इतिहासात मात्र तो एका टेबलाला चिकटून आला. प्रयोगशाळा म्हटले की एक थोर शास्त्रज्ञ, त्याची खोली आणि त्याचे शिष्य असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मेंदू आणि मज्जासंस्था यांच्या संशोधनापुरते तरी हे चित्र आम्हांला फार अपुरे वाटते.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आंटोन डोर्न यांनी १८७२ साली नेपल्सच्या किनाऱ्यावर प्राणिशास्त्रीय केंद्राची इमारत उभारायला घेतली. जागा नगरपालिकेची, पैसा बराचसा वडिलांचा, आणि श्रद्धा डार्विनवर. खालच्या मजल्यावर तिकीट काढून प्रवासी मत्स्यालय पाहत. वरच्या मजल्यांवर संशोधन चाले. पण डोर्न यांची खरी युक्ती हिशेबाची होती. विद्यापीठाने किंवा सरकारने वर्षाचे भाडे भरून एक 'टेबल' घ्यायचे, आणि त्यावर आपला माणूस पाठवायचा. त्या माणसाला बसायला जागा, रसायने, उत्तम ग्रंथालय आणि मागेल तो समुद्री प्राणी ताजा मिळे. काय शोधायचे हे त्याचे त्याने ठरवायचे. डोर्न १९०९ साली वारले तोवर सुमारे २,२०० संशोधक तिथे काम करून गेले होते, आणि दरसाल पन्नासांहून अधिक टेबले भाड्याने जात होती.

या टेबलांमागे साल्व्हातोरे लो बियांको उभे होते. चौदाव्या वर्षी केंद्रात कामाला लागलेला हा नेपल्सचा मुलगा पुढे समुद्री प्राणी टिकवण्याच्या विद्येत युरोपात अद्वितीय ठरला. कोणता प्राणी कोणत्या ऋतूत, किती खोलीवर सापडतो हे त्यांना ठाऊक होते. पाहुणे प्राध्यापक येत आणि जात. उपसागर ओळखणारा माणूस तिथलाच होता.

आता या सामाईकपणाची दुसरी बाजू. टेबल सर्वांचे खरे, पण त्यावर बसायला कोणत्या तरी संस्थेचा वरदहस्त हवा. ज्याला संस्थाच दारात उभे करत नाही त्याने काय करावे? अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आयडा हाइड यांना हायडेलबर्ग येथे, स्त्री म्हणून, शरीरक्रियाशास्त्राच्या व्याख्यानांना बसू दिले गेले नव्हते. तरीही त्यांनी १८९६ साली तिथली डॉक्टरेट मिळवली, आणि मग त्या नेपल्सला गेल्या. तिथे मिळालेली मोकळीक इतर स्त्रियांनाही मिळावी म्हणून त्यांच्या पुढाकाराने अमेरिकेत एक संघटना उभी राहिली. वर्षाला ५०० डॉलर वर्गणीतून जमवायचे आणि नेपल्सचे एक टेबल केवळ स्त्री-संशोधकांसाठी राखायचे, असा तिचा व्यवहार. १९३०च्या दशकात, आपले उद्दिष्ट साधले असे म्हणून ही संघटना विसर्जित झाली. तो निर्णय घाईचा होता असे आमचे मत आहे, असो.

१९२८-२९ साली ऑक्सफर्डहून शिष्यवृत्तीवर आलेले जे. झेड. यंग हे तरुण संशोधक नेपल्सला ऑक्टोपस आणि त्याच्या भाईबंदांची मज्जासंस्था तपासत होते. त्यातून पुढे त्यांचे लक्ष स्क्विडच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या माकुळाच्या, अंगातील काही जाड नळ्यांकडे गेले. रक्तवाहिन्या वाटाव्यात अशा त्या नळ्या प्रत्यक्षात मज्जातंतू निघाल्या. एकेक तंतू जवळजवळ एक मिलिमीटर जाडीचा. एका संशोधकाने १९०९ सालीच त्यांचे वर्णन केले होते, पण ते कुणाच्या लक्षात राहिले नव्हते. १९३६ साली यंग यांनी अमेरिकेतील वुड्स होल येथे हे तंतू इतरांना दाखवले. वुड्स होल हेही असेच सामाईक केंद्र, १८८८ सालचे. सस्तन प्राण्यांच्या केसाहून बारीक तंतूंत जे करता येत नव्हते ते इथे शक्य होते: तंतूच्या आत विद्युतअग्र घालणे.

ते केले इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी, १९३९च्या ऑगस्टमध्ये. काही आठवड्यांतच युद्ध पेटले. १९४१च्या बॉम्बवर्षावात प्लिमथच्या प्रयोगशाळेचेही नुकसान झाले. युद्धानंतर दोघे परतले, आणि मज्जातंतूतून संदेश कसा धावतो हे सांगणारी निर्णायक मोजमापे त्यांनी १९४९च्या उन्हाळ्यात, माकुळांच्या हंगामात घेतली. केंब्रिजचे संगणकयंत्र तेव्हा बंद असल्याने हक्सली यांनी समीकरणे हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर सोडवली. लेख १९५२ साली आले, नोबेल १९६३ साली.

यंग मात्र नेपल्सला परत गेले. १९४७ पासून ब्रायन बॉयकॉट यांच्यासह त्यांनी ऑक्टोपसच्या स्मृतीचा शोध घेतला. टाकीत नुसता खेकडा सोडला तर खुशाल खायचा. खेकड्याबरोबर पांढरा चौकोन दिसला तर विजेचा झटका. धडधाकट ऑक्टोपस थोड्याच वेळात शहाणा होई. मेंदूचा एक विशिष्ट वरचा भाग काढलेला ऑक्टोपस मात्र, दोन प्रयत्नांमध्ये बराच वेळ गेला, तर पुन्हा पुन्हा हल्ला करी. आणि तेच प्रयत्न पाचपाच मिनिटांनी लागोपाठ केले तर तोही धडा शिके. क्षणाची आठवण आणि टिकणारी आठवण यांचे रस्ते निराळे असावेत, असे त्यावरून दिसले. मनाच्या प्रश्नाला जीवशास्त्राने हात घातला तो असा, वाहत्या खाऱ्या पाण्याच्या भाड्याच्या टाक्यांत.

आयडा हाइड यांनी १९२१ साली, एकाच पेशीला विद्युत उत्तेजन देता येईल असे सूक्ष्म विद्युतअग्र बनवून त्यावर लेख प्रसिद्ध केला होता. त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. १९४०च्या दशकात इतरांनी तशी विद्युतअग्रे नव्याने घडवली, आणि त्यानंतर ती मज्जाविज्ञानाच्या प्रयोगशाळांतून रोजच्या वापरातली झाली.