तीन मिनिटांचे कारुण्य

१/४
ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ तेवढ्या अवधीत विरहाची सारी व्याकुळता उभी करीत. संथ आलाप, हळुवार स्वरलगाव आणि सुरेलपणा हे त्या कारुण्याचे मर्म.

२/४
मिरजेत स्थायिक झालेल्या खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी एका शाळकरी मुलाने तबकडीवर ऐकली. असेच गाता यावे, या ध्यासाने १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्याने गदगचे घर सोडले.

३/४
गुरूच्या शोधात तो ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत भटकला. अखेर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्याला गुरू लाभले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

४/४
१९३७ मध्ये खाँसाहेब प्रवासातच निवर्तले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी गायक-वादक आजही त्यांच्या स्मृतीस स्वरांजली वाहतात.