आपल्या वाट्याची खते

माउली, आषाढीची वारी आपण एका पिशवीवर करतो. घरी मात्र कपाट उघडले की कपडे अंगावर येतात. हा पसारा आवरायचा तर सुरुवात कुठून करावी? देहूत घडलेली एक गोष्ट आठवावी.

तुकोबांचे घर खाऊनपिऊन सुखी. व्यापार, सावकारी, महाजनकी सारे होते. १६३०-३१ च्या दुष्काळात व्यापार बुडाला. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या. पुढे तुकोबांनी लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत बुडवायचे ठरवले. महिपतींच्या ‘भक्तलीलामृता’त ही कथा आहे. धाकटे बंधू कान्होबा यांना संसार चालवायचा होता. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. एक कान्होबांच्या हाती दिला आणि आपला तेवढा डोहात सोडला.

सज्जनहो, वैराग्य एवढे प्रखर, तरी भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. आपण घर आवरतो तेव्हा आईची जुनी पेटी किंवा सूनबाईची भांडी तिला न विचारता काढून टाकतो. त्याने घर मोकळे होते, मन दुखावते. आधी आपला कप्पा उघडावा. जादा असेल ते गरजवंताला द्यावे.

आणि तुकोबांनी सोडले काय, तर दुसऱ्याच्या मानेवरचे आपले येणे. भावकीतले जुने हिशेब, मानपानाची उणीदुणी ही आपल्या घरातली खतेच आहेत. या एकादशीला त्यातले एक तरी सोडून पाहा.

रामकृष्णहरी.