निर्यात व्यापार, सातारा–सांगली भागाचा (१९१९–१९३९)

दोन महायुद्धांमधील वीस वर्षांत कृष्णाखोऱ्यातील शेतमालाचा परदेशी बाजारपेठेशी आलेला संबंध. या काळात सातारा हा मुंबई इलाख्यातील ब्रिटिश जिल्हा होता व आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच मोडत. सांगली, मिरज, औंध, फलटण व जत ही संस्थाने निराळी होती. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सागरी व्यापाराची सरकारी आकडेवारी बंदरवार ठेवली जात असल्यामुळे कराडची शेंग मुंबईच्या गोदीत पोचली, की ती मुंबईची निर्यात म्हणून नोंदली जाई. म्हणून या भागाच्या निर्यातीचा विचार पिके, लोहमार्ग आणि पेठा यांच्या आधारे करावा लागतो.

दळणवळण : कराडचा माल कुंभार्ली घाटाने चिपळूणला नेण्याचा जुना मार्ग पुणे–मिरज–लोंढा हा मीटरगेज लोहमार्ग झाल्यावर मागे पडला. हा मार्ग १९०८ पासून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे होता. मुंबईकडे जाणारा माल पुण्यास ब्रॉडगेज डब्यांत नव्याने भरावा लागे. लोंढ्यावरून मार्मागोव्याकडे जाणाऱ्या मालाची मात्र ही उतार-चढ वाचत असे. सांगली–मिरज फाटा १९०७ मध्ये, तर पंढरपूर–मिरज हा बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज मार्ग १९२७ मध्ये सुरू झाला.

भुईमूग : परदेशी जाणाऱ्या मालात हे पीक सर्वांत महत्त्वाचे होय. कृष्णा, वारणा व येरळा यांच्या काठच्या मध्यम व हलक्या जमिनीत उपटी (एका जागी झुडपासारखी वाढणारी) आणि पसरी (वेल जमिनीवर पसरणारी) अशी दोन्ही प्रकारची वाणे होत. ‘कराड ४-११’ हे पसरे वाण पुढे कराडच्याच नावाने ओळखले गेले. शेतकऱ्याचा माल अडत्याकडे, म्हणजे कमिशनवर विक्री करून देणाऱ्या पेढीकडे येई आणि तेथून व्यापाऱ्यांमार्फत मुंबईस जाई, जेथे राली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या परदेशी कंपन्यांचे निर्यातीत मोठे वजन होते. अडत, हमाली, तोलाई व कडता (वजनातील कपात) वजा जाऊन उरेल ती शेतकऱ्याची रक्कम असे, आणि त्यातूनच पेढीची उचलही फेडावी लागे. फ्रान्समधील मार्सेयच्या गिरण्या शेंगदाण्याचे तेल खाण्यासाठी व साबणासाठी काढत. जर्मनी व हॉलंड हेही मोठे ग्राहक होते. शेंगा भिजवून हाताने फोडल्यास प्रवासात दाणा खवट होई व त्याचा भाव पडे. यंत्राने कोरड्या फोडलेल्या दाण्यास म्हणूनच मागणी होती. १९२८-२९ च्या सुमारास भारताची भुईमुगाची निर्यात युद्धपूर्व पातळीच्या दुपटीहून अधिक झाली होती.

विनिमयदर व मंदी : १९२७ च्या चलन कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. जुन्या १ शिलिंग ४ पेन्स दराने एका पौंडाचे १५ रुपये होत. नव्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै होऊ लागले. १९२६ च्या हिल्टन यंग आयोगात पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी या दराविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली होती. दराचा शेतमालाच्या भावावर कितपत परिणाम झाला, याविषयी अर्थतज्ज्ञांत एकमत नाही. १९२९ नंतरच्या घसरणीचा फटका मात्र निर्विवाद आहे. भारताची निर्यात १९२८-२९ मधील सुमारे ३३० कोटी रुपयांवरून १९३२-३३ मध्ये सुमारे १३० कोटींवर आली. शेतसारा व सावकाराचे व्याज रोखीत ठरलेले असल्याने भाव अर्ध्यावर येताच तेच देणे फेडण्यास दुप्पट माल विकावा लागला. निर्यातीच्या पिकाने दिलेला रोख पैसा हाच रयतेच्या गळ्यातील फास ठरला. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडल्यावर सोने महागले आणि देशभरच्या खेड्यांतील दागिने सराफांकडून मुंबईस व तेथून लंडनला गेले. १९३२ च्या ओटावा कराराने भारतीय भुईमुगास ब्रिटनमध्ये सवलत मिळाली, परंतु फ्रान्स आपल्या पश्चिम आफ्रिकी वसाहतींच्या शेंगेस झुकते माप देऊ लागला होता. देशी तेलगिरण्या व नवे वनस्पती तुपाचे कारखाने यांमुळे १९३० च्या दशकात घरची मागणी वाढली.

हळद : सांगलीचा हा प्रमुख सौदा. उकडून वाळवलेली हळकुंडे हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खोल खणून तोंड बंद केलेल्या कोठारांत, दीर्घकाळ टिकत. त्यामुळे भाव पडल्यास माल थांबवून धरता येई. भुईमुगाच्या मालास ही सोय नव्हती. हळदीचा मोठा ग्राहक देशांतर्गतच असल्याने तिला परदेशी मंदीची झळ तुलनेने कमी लागली असावी.

हिरडा : सह्याद्रीच्या रानांतील हे फळ कातडी कमावण्यासाठी परदेशी जाई.

आयातीस पर्याय : किर्लोस्करवाडी (१९१०) व कराडजवळील ओगलेवाडी (१९१६) येथील कारखाने औंध संस्थानाच्या आश्रयाने उभे राहिले. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने रॅन्सम या इंग्लिश नांगराशी, तर ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलाने परदेशी कंदिलांशी स्पर्धा केली. सातारारोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर व १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. नांगराचा ग्राहक शेतकरीच असल्याने शेतमालाच्या भावाची घसरण या कारखान्यांपर्यंतही पोचत असे.

मूल्यमापन : केवळ बोटीवर चढलेल्या टनांवरून या भागाची कामगिरी मोजणे अपुरे आहे. शेंगेचे उत्पादन व निर्यात वाढत असतानाही तिचा भाव ठरवण्यात उत्पादकाचा हात नव्हता. जेथे साठवण, प्रक्रिया किंवा कारखाना खोऱ्यातच होता, तेथे मूल्याचा मोठा वाटा येथेच राहिला, आणि या काळातील आर्थिक यशाची खरी कसोटी हीच मानली पाहिजे.