डब्ल्यूडब्ल्यूई ते 'रिंग का किंग' : कुस्तीच्या पट्ट्यात टीव्हीवरची कुस्ती का टिकली नाही?

ट्रम्प कार्ड आठवतायत का? हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स आणि सगळ्यात महत्त्वाचा रँक. मधल्या सुट्टीत बिग शोचं कार्ड हातात आलं की वेटवर खेळायचं, हे शाळेतल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत झालाय, केन त्याचा सख्खा भाऊ आहे, असल्या बातम्या इंटरनेट नसतानाही गावोगाव पोहोचायच्या.

सातारा आणि सांगली जिल्हेही याला अपवाद नव्हते. खरं तर इथं जरा गंमतच होती. ज्या पोराच्या घरात आजोबा लंगोट लावून लाल मातीत उतरलेले, ज्याच्या गावात तालीम, ज्याच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान, तेच पोरगं संध्याकाळी केबलवर स्टोन कोल्डची 'फाइट' बघायला बसायचं.

याच वेडावर डोळा ठेवून २०१२ मध्ये एक देशी शो आला. नाव होतं 'रिंग का किंग'. शूटिंग कुठं झालं? तर साताऱ्याहून हायवे धरला की दोन-तीन तासांत पोहोचता येईल अशा पुण्याच्या बालेवाडीत. पैसा होता, परदेशी पैलवान होते, मोठं चॅनल होतं. तरीही एका सीझनमध्ये खेळ संपला.

नेमकं काय झालं होतं? आणि कुस्तीच्या या पट्ट्यातल्या पैलवानाला टीव्हीनं काय दिलं, काय नाही?

आधी डब्ल्यूडब्ल्यूएफ, मग डब्ल्यूडब्ल्यूई

१९९१ नंतर भारतात केबल टीव्ही आला आणि त्याबरोबर अमेरिकेतली ही कुस्तीही घराघरात शिरली. तेव्हा नाव होतं डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन. मात्र हीच अक्षरं पांडाचं चिन्ह असलेल्या वन्यजीव संरक्षण संस्थेचीही होती. प्रकरण कोर्टात गेलं, कुस्तीवाले हरले आणि मे २००२ मध्ये 'एफ'च्या जागी 'ई' आला. त्याच वर्षी भारतात टेन स्पोर्ट्स सुरू झालं आणि पुढची बरीच वर्षं डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे टेन स्पोर्ट्स हे समीकरण झालं.

१९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी' सिनेमात अक्षय कुमार अंडरटेकरला उचलतो, तो सीन सगळ्यांनी पाहिलाय. पण तो खरा अंडरटेकर नव्हताच. ती भूमिका ब्रायन ली नावाच्या दुसऱ्या पैलवानानं केली होती.

पुढे २००६ मध्ये द ग्रेट खली आला. आल्या आल्या त्यानं अंडरटेकरलाच लोळवलं आणि जुलै २००७ मध्ये तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. देशभर खलीचे पोस्टर लागले. आता योगायोग बघा. २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा सांगली जिल्ह्यातल्या चंद्रहार पाटील यांनी जिंकली होती. चंद्रहार यांचं नाव कुस्तीशौकिनांच्या तोंडी होतं, पण त्यांचं ट्रम्प कार्ड कुणी छापलं नाही.

मग ती कुस्ती खोटी असते का?

याचं सरळ उत्तर आहे, निकाल आधीच ठरलेला असतो. कोण जिंकणार, पट्टा कुणाच्या कमरेला जाणार, कोण कुणाला दगा देणार, हे लेखकांची टीम ठरवते. पण पंधरा फुटांवरून खाली पडणारा माणूस खरंच पडतो. त्यात हाडं मोडतात, मानेला इजा होते. म्हणजे निकाल खोटा, पण मार बऱ्यापैकी खरा.

ठरवून केलेल्या लढतीसाठी मराठीत शब्द आहे, 'नुरा कुस्ती'. आज तो राजकारणाच्या बातम्यांत जास्त वाचायला मिळतो, पण मूळ आखाड्यातला आहे. दोन पैलवानांनी आधीच आपसात ठरवायचं, वरवर झटापट करायची, कुस्ती बरोबरीत सोडवायची आणि इनाम वाटून घ्यायचं. सातारा-सांगलीच्या मैदानात असा नुसता वास जरी आला तरी बघे ओरडून गोंधळ घालतात. इथल्या प्रेक्षकाला हवी असते निकाली कुस्ती. म्हणजे एकाची पाठ मातीला लागलीच पाहिजे.

थोडक्यात, मैदानात जी सगळ्यात मोठी शिवी होती, टीव्हीवर तोच अख्खा धंदा होता. तरीही लोक दोन्ही बघत होते, कारण दोन्हींकडून अपेक्षा वेगळी होती. टीव्हीवर नाटक बघायचं आणि जत्रेत कुस्ती, एवढं लोकांना कळत होतं.

हे कळणं नवीनही नव्हतं. दारा सिंग आणि किंग काँग यांच्या 'फ्रीस्टाइल' लढतींनी आधीच्या पिढीला असंच वेड लावलं होतं. १९६८ मध्ये मुंबईत दारा सिंग यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा मुंबईत टीव्ही केंद्रही सुरू झालेलं नव्हतं.

'रिंग का किंग' नक्की काय होता?

अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूईची स्पर्धक कंपनी होती टीएनए. तिनं एंडेमॉल या निर्मिती कंपनीबरोबर मिळून भारतासाठी वेगळा शो बनवायचं ठरवलं. सूत्रं होती टीएनएचे संस्थापक जेफ जॅरेट यांच्याकडे. डिसेंबर २०११ पासून बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत रिंग लागली. क्रिकेटर हरभजन सिंग शोचा चेहरा होता.

२८ जानेवारी २०१२ ला कलर्सवर पहिला भाग आला. शनिवार-रविवार, हिंदी कॉमेंट्री, ढोल, नाचगाणी असा सगळा मसाला. परदेशातून मॅट मॉर्गन, स्कॉट स्टायनर, अॅबिस, चावो गरेरो ज्युनियर अशी ओळखीची नावं आणली होती. देशी गड्यांना नावंही झणझणीत दिली होती. महाबली वीरा, पठाणी पठ्ठा, रोमियो रॅप्टा वगैरे.

गोष्टीत व्हिलनही होते. भारतीय वंशाचा अमेरिकन पैलवान सोंजय दत्त आधी लोकांचा लाडका असतो आणि मग 'आरडीएक्स' नावाच्या टोळीत जाऊन दगा देतो. अगदी डेली सोपसारखं. पहिला चॅम्पियन मॅट मॉर्गन झाला. पुढे पट्टा आला पंजाबच्या महाबली वीराकडे. त्याचं खरं नाव अमनप्रीत सिंग. नंतर तो 'महाबली शेरा' या नावानं अमेरिकेतही टीएनएमध्ये खेळला.

२६ भाग झाले. २२ एप्रिल २०१२ ला शेवटचा भाग दाखवला गेला. दुसऱ्या सीझनची चर्चा झाली, पण तो आलाच नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये दारा सिंगही गेले.

गाडी कुठं अडली?

पहिला मुद्दा सवयीचा. डब्ल्यूडब्ल्यूईची ताकद एका लढतीत नसते, वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोष्टीत असते. अंडरटेकर आणि केनचं भांडण १९९७ मध्ये सुरू झालं आणि दहा-बारा वर्षं पुरलं. तीन महिन्यांत अशी नाती तयार होत नाहीत.

दुसरा मुद्दा प्रेक्षकांचा. डब्ल्यूडब्ल्यूईत प्रेक्षक ज्याला डोक्यावर घेतात, त्याची गोष्ट मोठी होत जाते. इथं भाग आधी शूट होऊन नंतर दाखवले जात होते. घरी बसलेल्यांना कोण आवडतोय हे कळेपर्यंत पुढची गोष्ट ठरून गेलेली असायची.

तिसरा आणि सगळ्यात मोठा मुद्दा मातीचा. शूटिंग महाराष्ट्रात झालं, पण शोच्या गोष्टीत इथली कुस्ती जवळपास नव्हतीच. बालेवाडीपासून काही तासांच्या अंतरावर काय होतं, ते बघा.

कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, हे आजही सांगितलं जातं. परत आल्यावर त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली.

सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर, दोघंही हिंद केसरी. दोघांनीही १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं.

लेखकांच्या टीमलाही सुचणार नाहीत अशा या गोष्टी आहेत. फक्त त्या दर आठवड्याला सांगणारा कार्यक्रम नव्हता.

बालेवाडीतच दुसरा प्रयत्न

सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, त्याच बालेवाडीत झी टॉकीजनं 'महाराष्ट्र कुस्ती दंगल' ही लीग भरवली. यावेळी कुस्ती खरी होती, मॅटवरची आणि गुणांची. 'यशवंत सातारा' नावाचा संघ होता. मूळची सांगलीची सई ताम्हणकर 'कोल्हापुरी मावळे' संघाची मालकीण होती आणि नागराज मंजुळे यांच्याकडे 'वीर मराठवाडा' होता.

म्हणजे २०१२ मध्ये गोष्ट होती पण इथली कुस्ती नव्हती. २०१८ मध्ये कुस्ती होती, स्टार होते, दिवेही होते. पण दरवर्षी अमुक महिन्यात बघायचीच अशी आयपीएलसारखी सवय तिचीही झाली नाही.

मग मैदान कशावर चालतं?

यात्रा कमिटी गावातून वर्गणी काढते. जोडी ठरतात, पोस्टरवर पैलवानांचे फोटो आणि इनामाचे आकडे छापले जातात. दुपारी बारकी पोरं नारळावर नाहीतर रेवड्यांवर खेळतात. उन्हं उतरली की हलगी घुमते, इनाम वाढत जातं आणि शेवटी एक नंबरची कुस्ती लागते. पलूस तालुक्यातल्या कुंडलसारख्या मैदानाला आजूबाजूच्या जिल्ह्यांतून माणसं येतात. माइकवर निवेदक असतो. शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी पैलवानाचं गाव, वस्ताद, डाव, मागची हार असं सगळं सांगून समोरच्या कुस्तीला गोष्ट जोडून दिली. डब्ल्यूडब्ल्यूईचा कॉमेंटेटर जे करतो तेच, फक्त निकाल न ठरवता.

पण हा पैसा हंगामी आहे. जत्रांचा मोसम संपला की इनाम थांबतं आणि दूध, तूप, बदामाचा खुराक मात्र बारा महिने लागतो. गुडघा गेला तर अख्खा हंगाम जातो.

याचं उदाहरण साताऱ्यातच दिसलं. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा साताऱ्यात झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं फायनलमध्ये विशाल बनकरला ५-४ असं हरवलं आणि २१ वर्षांनी गदा कोल्हापूरला नेली. पण त्यानंतर चर्चा झाली ती वेगळ्याच गोष्टीची. गदा मिळाली, रोख बक्षीस मिळालं नाही, अशी खंत त्यानं माध्यमांसमोर बोलून दाखवली. ती बातमी व्हायरल झाली, तेव्हा कुठं मदतीच्या घोषणा सुरू झाल्या.

पुढच्याच वर्षी, मार्च २०२३ मध्ये, पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली. सांगली जिल्ह्याच्याच प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला चीत करून गदा जिंकली आणि तिचे व्हिडिओ राज्यभर फिरले.

आता पुढे काय?

खाशाबांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारी २०२३ ला, गूगलनं त्यांचं डूडल केलं. हा दिवस आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. नागराज मंजुळे यांनी 'खाशाबा' सिनेमाची घोषणाही केलीये. आणि जत्रेतल्या कुस्त्या आता मोबाइलवर लाइव्ह दिसतात. त्यासाठी ना कलर्स लागतं, ना बालेवाडी.

म्हणजे बघणारे आहेत, ते कधी कमी नव्हतेच. डब्ल्यूडब्ल्यूईनं दाखवून दिलेली खरी गोष्ट खुर्ची डोक्यात घालण्याची नाही. माणसाचं नाव, त्याचा इतिहास आणि त्याची पुढची लढत प्रेक्षकाच्या लक्षात राहील अशी व्यवस्था त्यांनी केली आणि त्यातून पैलवानाला बारा महिने पैसे मिळाले. 'रिंग का किंग'नं त्यातला पट्टा, दिवे आणि आतषबाजी घेतली, पण ही व्यवस्था उभी राहण्याआधीच शो संपला.

सातारा-सांगलीच्या पैलवानाला नुरा कुस्ती नकोच आहे. गदा जिंकल्यावर बक्षीसासाठी कॅमेऱ्यासमोर बोलायची वेळ येऊ नये, इतकंच त्याला हवंय.