विश्लेषण : दुखापतींचा इतिहास असलेल्या पिचरसाठी अमेरिकी क्लब कोट्यवधी डॉलर का मोजतात?

डिसेंबर महिना उजाडला की अमेरिकेतील बेसबॉल चाहत्यांच्या मोबाइलवर बातम्यांचा आणि अफवांचा पाऊस सुरू होतो. कोणता पिचर कुठल्या क्लबकडे जाणार, किती वर्षांसाठी, किती डॉलरला? प्रत्येक अफवेखाली एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘पण त्याचा हात टिकणार का?’ डिसेंबर २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सने जेकब डीग्रॉमशी ५ वर्षांचा १८.५ कोटी डॉलरचा (तेव्हाच्या दराने सुमारे दीड हजार कोटी रुपये) करार केला, तेव्हा हाच प्रश्न सर्वाधिक चर्चेत होता. या कराराच्या निमित्ताने दुखापतीचा इतिहास कसा तोलला जातो, हे समजून घेऊ.

‘फ्री एजन्सी’ म्हणजे काय?

मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळाडूची ६ वर्षांची सेवा पूर्ण झाली आणि त्याचा करार संपला, की तो कोणत्याही क्लबशी बोलणी करण्यास मोकळा होतो. यालाच फ्री एजन्सी म्हणतात. वर्ल्ड सीरिज संपल्यानंतर हा बाजार उघडतो. इथे आयपीएलसारखा जाहीर लिलाव होत नाही. खेळाडूचा एजंट आणि क्लब यांच्यात बंद दाराआड बोलणी होतात, म्हणून अफवांना भरपूर वाव मिळतो. दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे, या करारातील रक्कम सहसा हमीची असते. खेळाडू जायबंदी होऊन वर्षभर घरी बसला, तरी क्लबला पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे दुखापतीची जोखीम मुख्यतः क्लबच्या माथी येते.

डीग्रॉमबाबत नेमकी शंका काय होती?

डीग्रॉम आपल्या भरात जगातील सर्वोत्तम पिचरांपैकी एक होता. न्यूयॉर्क मेट्सकडून खेळताना २०१८ आणि २०१९ असा सलग दोनदा त्याने ‘साय यंग’ हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार पटकावला. २०१८ मध्ये त्याची ईआरए, म्हणजे दर ९ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, अवघी १.७० होती. हा आकडा जितका लहान तितका पिचर चांगला. २०१७ ते २०१९ या तिन्ही मोसमांत त्याने २०० हून अधिक इनिंग टाकल्या.

त्यानंतर चित्र बदलले. २०२१ मध्ये त्याची ईआरए १.०८ अशी अविश्वसनीय होती, पण जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर हाताच्या दुखण्यामुळे तो मैदानात उतरलाच नाही. त्या मोसमात त्याच्या ९२ इनिंग झाल्या. २०२२ मध्ये मोसमाच्या तोंडावर उजव्या खांद्याच्या फऱ्याच्या हाडावर ताण आल्याचे आढळले. तो ऑगस्टमध्ये परतला आणि ६४ इनिंगच टाकू शकला. नियमित पिचर मोसमात ३० ते ३३ सामन्यांची सुरुवात करतो. डीग्रॉमने दोन मोसम मिळून २६ सामन्यांची सुरुवात केली होती. शिवाय त्याच्या कोपरावर २०१० मध्येच शस्त्रक्रिया झाली होती आणि करारावेळी त्याचे वय ३४ होते.

मग रेंजर्सने पैसे का मोजले? कारण परतल्यावरही त्याचा फास्टबॉल ताशी जवळपास ९९ मैल, म्हणजे सुमारे १५९ किलोमीटर वेगाने जात होता. तो तंदुरुस्त असता, तर अशा दर्जाचा पिचर या किमतीत आणि इतक्या सहज मिळाला नसता.

टॉमी जॉन शस्त्रक्रिया काय असते?

चेंडू जोरात फेकताना कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर प्रचंड ताण येतो. वारंवारच्या ताणाने तो झिजतो आणि कधी तरी फाटतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या मनगटाकडील एक कंडरा काढून ती कोपरात अस्थिबंधाच्या जागी बसवली. जॉन १९७६ मध्ये मैदानात परतला आणि त्यानंतर त्याने १६४ सामने जिंकले. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्यातून सावरायला साधारण १२ ते १८ महिने लागतात.

आज अशा शस्त्रक्रिया सर्रास होतात. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात वाढत्या वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय ही दुखापतींची प्रमुख कारणे सांगितली. २००८ मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ मैलांवर गेला. म्हणजे ज्या गुणासाठी पिचरला पैसे मिळतात, तोच गुण त्याचा हात झिजवतो.

क्लब दुखापतीचा इतिहास कसा तोलतात?

पहिला प्रश्न, दुखापत कुठे झाली? कोपराच्या अस्थिबंधावरील पहिल्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक पिचर परततात. दुसऱ्यांदा तीच वेळ आली तर खात्री कमी होते. खांद्याची आणि नसांची दुखणी अधिक बेभरवशाची मानली जातात. स्टीफन स्ट्रासबर्ग हे त्याचे ठळक उदाहरण. २०१९ च्या वर्ल्ड सीरिजचा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याच्याशी ७ वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार केला. त्यानंतर मानेजवळ नसा दबण्याच्या विकाराने त्याला ग्रासले. त्या करारात तो अवघे ८ सामने खेळू शकला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला.

दुसरा प्रश्न, दुखापती एकमेकींशी जोडलेल्या आहेत का? चेंडू लागून बोट मोडणे हा अपघात. पण एका वर्षी कोपर, दुसऱ्या वर्षी खांदा असे होत असेल, तर एक भाग वाचवताना दुसऱ्यावर भार पडतो आहे का, हे डॉक्टर तपासतात.

तिसरा प्रश्न, परतल्यानंतर वेग आणि अचूकता टिकली का? आणि चौथा, करार किती वर्षांचा? वय वाढलेल्या पिचरला एक-दोन वर्षे जादा दराने घेणे हा दीर्घ करारापेक्षा सुरक्षित मार्ग असतो. डीग्रॉम गेल्यावर काही दिवसांतच मेट्सने ३९ वर्षांच्या जस्टिन व्हरलँडरला २ वर्षांसाठी ८.६७ कोटी डॉलरला घेतले. त्याच्याही कोपरावर २०२० मध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि २०२२ मध्ये तो साय यंग विजेता ठरला होता.

करारात कोणती काळजी घेतली जाते?

बातमी आली म्हणजे करार झाला असे नाही. वैद्यकीय तपासणी पार पडल्यावरच तो पक्का होतो. २०२२ च्या हिवाळ्यात कार्लोस कोरेयाचे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी १३ वर्षांसाठी ३५ कोटी डॉलरला आणि नंतर मेट्सशी १२ वर्षांसाठी ३१.५ कोटी डॉलरला ठरले होते. तो पिचर नाही, तरीही पायाच्या जुन्या शस्त्रक्रियेमुळे दोन्ही सौदे फिसकटले. अखेर तो मिनेसोटा ट्विन्सकडे ६ वर्षांसाठी २० कोटी डॉलरवर राहिला.

दुसरा उपाय म्हणजे कलम. २००९ मध्ये बोस्टन रेड सॉक्सने जॉन लॅकीशी करार करताना अट घातली, की कोपराच्या दुखापतीने तो दीर्घकाळ बाहेर राहिला, तर क्लबला एक जादा वर्ष किमान वेतनात मिळेल. तसेच घडले. शस्त्रक्रियेमुळे लॅकीचा २०१२ चा मोसम हुकला आणि २०१५ मध्ये तो सुमारे ५ लाख डॉलरमध्ये खेळला. तोवर तो सेंट लुइस कार्डिनल्सकडे गेला होता, त्यामुळे फायदा त्यांना झाला. डीग्रॉमच्या करारातही २०२८ साठी असा सशर्त पर्याय ठेवला गेला.

डीग्रॉमचे पुढे काय झाले?

२०२३ मध्ये तो ६ सामने खेळला, रेंजर्सने ते सहाही जिंकले. पण कोपर पुन्हा फाटले आणि जूनमध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी रेंजर्सने इतिहासातील पहिली वर्ल्ड सीरिज जिंकली, तीही डीग्रॉमविना. २०२४ मध्ये तो सप्टेंबरात परतला आणि ३ सामने खेळला. तोवर हा करार फसल्याचे बहुतेकांनी ठरवून टाकले होते. २०२५ मध्ये मात्र ३७ व्या वर्षी त्याने ३० सामन्यांची सुरुवात केली, १७२ इनिंग टाकल्या, ईआरए २.९७ राखली आणि अमेरिकन लीगचा पुनरागमनाचा पुरस्कार मिळवला.

अफवा वाचताना काय पाहावे?

मराठी वाचकांना हे गणित अगदीच परके नाही. २०२२ च्या लिलावात मुंबई इंडियन्सने जोफ्रा आर्चरला ८ कोटी रुपयांना घेतले, तेव्हा कोपराच्या दुखापतीमुळे तो त्या मोसमात खेळणार नाही हे ठाऊक होते. पुढच्या मोसमात तो ५ सामने खेळून परतला. क्लबने त्याच्या भविष्यावर पैसे लावले होते.

एखाद्या पिचरविषयीची पोस्ट समोर आली, तर ‘तो सारखा जायबंदी होतो’ एवढ्यावर थांबू नये. दुखापत कोणती, गेल्या २-३ मोसमांतील इनिंग किती, वेग टिकला का, करार किती वर्षांचा आणि वैद्यकीय तपासणी झाली का, एवढे पाहिले तरी अफवेतले तथ्य बरेचसे कळते. उरते ती अनिश्चितता. वैद्यकीय अहवाल हाती असलेल्या क्लबांनाही ती पूर्णपणे टाळता येत नाही. त्यांच्या हाती असते ती फक्त जोखमीची किंमत ठरवणे.